स्विचमध्ये बसलेला एसएफपी कोणता? न उपसता ओळखायची रीत

संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. एका महाविद्यालयात मुख्य इमारतीतून ग्रंथालयाकडे जाणारी फायबरची लिंक पडली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच ऑनलाइन परीक्षा होती. मी सर्व्हर रूममध्ये पोहोचलो तेव्हा स्विचवर ओळीने चार एसएफपी बसलेले होते. तिघांचे दिवे हिरवे, चौथ्याचा विझलेला. टेबलाच्या खणात एक सुटा एसएफपी सापडला. त्याचं लेबल हात लागून लागून पुसलं गेलं होतं. तो बसवला, पण लिंक आली नाही. मग 'चालू लिंकवर कोणता आहे ते तरी बघू' म्हणून शेजारचा एसएफपी उपसून त्याचं लेबल दिव्याखाली धरलं, तोच वसतिगृहातून फोन आला: इंटरनेट गेलं. खणातला एसएफपी मल्टिमोडचा आणि ग्रंथालयाची केबल सिंगल मोडची, हे उमगायला दोन तास गेले. जे मी लेबलावर शोधत होतो ते सगळं स्विचला आधीपासून ठाऊक होतं. एका कमांडचं काम होतं.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो आणि नव्याने कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: एसएफपी ओळखण्यासाठी तो उपसायचा नाही. शाळा, रुग्णालय, पतपेढी, साखर कारखाना, कुठेही नेटवर्क सांभाळणाऱ्याला हा नियम उपयोगी पडेल. न उपसता एसएफपी कसा ओळखायचा, ते क्रमाने पाहू.

ओळख कशासाठी पटवायची?

एसएफपी हा छोटासा दुभाषा आहे. स्विचची विजेची भाषा तो प्रकाशात बदलतो आणि पलीकडून आलेला प्रकाश पुन्हा विजेत आणतो. फायबरच्या दोन्ही टोकांना असे दोन दुभाषे असतात आणि त्यांची पत्रिका जुळावी लागते. त्यात तीन गोष्टी पाहायच्या. पहिली वेग: दोन्हीकडे १ गिगाबिट किंवा दोन्हीकडे १० गिगाबिट. दुसरी तरंगलांबी: एक ८५० नॅनोमीटरवर बोलतो आणि दुसरा १३१० वर ऐकतो, असं चालत नाही. तिसरी फायबरचा प्रकार: सिंगल मोड की मल्टिमोड. कंपनी मात्र एकच असायला हवी असं नाही. या तीन गोष्टी जुळल्या तर दोन वेगळ्या कंपन्यांचे एसएफपी एकमेकांशी नीट बोलतात.

म्हणून 'एसएफपी कोणता आहे' या प्रश्नाचं उत्तर 'अमुक कंपनीचा' एवढ्यावर संपत नाही. वेग, तरंगलांबी, फायबर आणि किती अंतरासाठी बनवला आहे, हे चारही सांगता आलं तरच ओळख पटली म्हणायची.

आधी डोळ्यांनी पाहा, हात मागे ठेवा

स्विचसमोर उभं राहिलं की आकार पहिल्यांदा नजरेत भरतो. अंगठ्याएवढा, अरुंद असेल तर तो एसएफपीच्या घराण्यातला. त्याहून रुंद असेल तर क्यूएसएफपी. पण घराणं कळलं म्हणजे व्यक्ती कळली असं नाही. १ गिगाबिटचा एसएफपी, १० गिगाबिटचा एसएफपी प्लस आणि २५ गिगाबिटचा एसएफपी २८ हे तिन्ही बाहेरून सारखेच दिसतात. तीच गत ४० गिगाबिटच्या क्यूएसएफपी प्लसची आणि १०० गिगाबिटच्या क्यूएसएफपी २८ ची. पोर्टशेजारी छापलेल्या खुणेवरून पोर्टची कुवत कळते, आत बसलेल्या एसएफपीची नाही. एसएफपी प्लसच्या पोर्टमध्ये १ गिगाबिटचा एसएफपी बहुतेक स्विचवर चालतो. उलट, १० गिगाबिटचा एसएफपी प्लस १ गिगाबिटच्या पोर्टमध्ये बसतो, पण चालत नाही. बसला म्हणजे जुळला, असं इथे धरता येत नाही.

मग तोंड पाहा. दोन बारीक छिद्रांत एलसी कनेक्टरची जोडी लागलेली असेल तर एक धागा पाठवायचा आणि एक घ्यायचा. एकच धागा असेल तर तो बायडाय प्रकार असण्याची शक्यता जास्त. त्याबद्दल पुढे येईलच. साधी लॅनची आरजे-४५ केबल लागली असेल तर तो तांब्याच्या तारेवरचा एसएफपी. आणि जाड काळी केबल मॉड्यूलमधूनच निघून वेगळी करता येत नसेल, तर ती डॅक केबल. एकाच रॅकमधली किंवा शेजारच्या रॅकमधली उपकरणं जोडायला ती वापरतात आणि तिच्यात प्रकाश नसतोच.

नंतर पॅचकॉर्डचा रंग. पिवळी म्हणजे सिंगल मोड. नारिंगी म्हणजे ओएम१ किंवा ओएम२ जातीची जुनी मल्टिमोड. फिकट निळसर हिरवी, जिला बाजारात अ‍ॅक्वा म्हणतात, ती ओएम३ किंवा ओएम४. पोपटी असेल तर ओएम५. केबलच्या आवरणावर बारीक अक्षरांत प्रकार छापलेलाही असतो. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा.

शेवटी एसएफपीच्या कडीचा रंग. एसएफपी ओढून काढायला तोंडापाशी एक छोटी कडी असते. ८५० नॅनोमीटरच्या मल्टिमोडला ती साधारणपणे काळी किंवा बदामी असते, १३१० नॅनोमीटरच्या सिंगल मोडला निळी. त्यापुढच्या लांब पल्ल्याच्या प्रकारांत रंगांचा मेळ राहत नाही. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. त्यामुळे कडीचा रंग सुगावा म्हणून घ्यावा, पुरावा म्हणून घेऊ नये.

डोळ्यांनी पाहताना एक पथ्य कटाक्षाने पाळा. एसएफपीच्या तोंडात किंवा सुट्या फायबरच्या टोकात डोळा लावून पाहू नका. यातला प्रकाश अवरक्त आहे, तो दिसत नाही. दिसत नाही म्हणजे नाही असं नव्हे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ८५० चा प्रकाश कधीकधी जांभळट ठिपक्यासारखा दिसतो, पण १३१० आणि १५५० चा प्रकाश त्या कॅमेऱ्याला जाणवतच नाही. त्यामुळे तो प्रयोग करून 'प्रकाश येत नाही' असा निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे.

आता स्विचलाच विचारा

प्रत्येक एसएफपीच्या पोटात एक छोटी मेमरी चिप असते. कारखान्यातून निघताना तिच्यावर त्याची जन्मपत्रिका लिहिली जाते: कंपनीचं नाव, पार्ट नंबर, सीरियल नंबर, कनेक्टरचा प्रकार, वेग, तरंगलांबी, कोणत्या फायबरवर किती अंतर आणि बनवल्याची तारीख. कोणत्या जागी काय लिहायचं हे एसएफएफ-८४७२ या मानकाने ठरवून दिलं आहे. नाव, पार्ट नंबर आणि सीरियल नंबर यांना प्रत्येकी १६ अक्षरांची जागा असते. तारखेचे पहिले सहा आकडे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने येतात; २१०३१५ म्हणजे १५ मार्च २०२१.

ही पत्रिका स्विच वाचतो आणि विचारलं की दाखवतो. कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. इथे उच्चार देतो. सिस्कोच्या स्विचवर तीन कमांड पुरतात. 'शो इंटरफेसेस स्टेटस' लिहिलं की प्रत्येक पोर्टसमोरच्या शेवटच्या रकान्यात प्रकार दिसतो. 'शो इन्व्हेंटरी' पार्ट नंबर आणि सीरियल नंबर देते. 'शो इंटरफेसेस ट्रान्सीव्हर डिटेल' प्रकाशाची मोजमापं सांगते. ज्युनिपरवर 'शो चासी हार्डवेअर' आणि 'शो इंटरफेसेस डायग्नोस्टिक्स ऑप्टिक्स'. हुआवे आणि एचथ्रीसीच्या स्विचवर 'डिस्प्ले ट्रान्सीव्हर' या शब्दांनी सुरू होणाऱ्या कमांड. मायक्रोटिकवर 'इंटरफेस इथरनेट मॉनिटर' आणि पुढे पोर्टचं नाव. लिनक्स सर्व्हरमध्ये एसएफपीचं कार्ड असेल तर 'इथटूल'ला वजा एम जोडून कार्डाचं नाव द्या. कमांडची नावं आवृत्तीनुसार थोडी बदलतात, म्हणून 'शो' किंवा 'डिस्प्ले' लिहून प्रश्नचिन्ह दाबायची सवय लावा. स्विच स्वतःच पुढचे पर्याय सांगतो.

या सगळ्या कमांड फक्त वाचतात. चालू लिंकला धक्का लागत नाही, परवानगीचा कागद फिरवावा लागत नाही, रात्री बारापर्यंत थांबावं लागत नाही. दिवसाढवळ्या, कामाच्या गर्दीतही चालवता येतात.

स्विच कमांड न घेणारा, म्हणजे अनमॅनेज्ड असेल किंवा साधा मीडिया कन्व्हर्टर असेल, तर ही सोय नसते. तिथे डोळ्यांनी मिळालेले सुगावे आणि पलीकडच्या टोकाचा स्विच यांच्यावर भिस्त ठेवावी. पलीकडचा एसएफपी १३१० चा, दोन धाग्यांचा असेल आणि लिंक चालू असेल, तर अलीकडचाही तसलाच असणार.

पार्ट नंबरची अक्षरं फोडून वाचा

पार्ट नंबर हाती आला की अर्धी लढाई जिंकली. सिस्कोचा एक नेहमी भेटणारा नंबर घेऊ: जीएलसी-एलएच-एसएमडी. यातला एलएच म्हणजे लांब पल्ला, एसएम म्हणजे सिंगल मोड आणि शेवटचा डी म्हणजे हा एसएफपी आपल्या प्रकाशाची मोजमापं सांगू शकतो. सगळं मिळून: १ गिगाबिट, १३१० नॅनोमीटर, सिंगल मोड, १० किलोमीटर. त्याचा भाऊ जीएलसी-एसएक्स-एमएमडी. एसएक्स म्हणजे आखूड पल्ला, एमएम म्हणजे मल्टिमोड: ८५० नॅनोमीटर, ओएम२ फायबरवर ५५० मीटर. माझ्या खणातला एसएफपी याच जातीचा होता.

कंपनी कोणतीही असो, पार्ट नंबरात किंवा वर्णनात या अक्षरजोड्या शोधा. १ गिगाबिटमध्ये एसएक्स आखूड, एलएक्स किंवा एलएच १० किलोमीटरच्या आसपास, ईएक्स ४०, झेडएक्स ७० ते ८० किलोमीटर. १० गिगाबिटमध्ये दुसरं अक्षर आर होतं. एसआर ओएम३ वर ३०० मीटर आणि ओएम४ वर ४०० मीटर, एलआर १० किलोमीटर, ईआर ४०, झेडआर ८०. एकटा टी दिसला तर तांब्याची तार: १ गिगाबिटला १०० मीटर. १० गिगाबिटचा तांब्याचा एसएफपी बहुधा ३० मीटरपर्यंतच धावतो आणि चांगलाच तापतो. तो काढताना बोटं जपा.

लांब पल्ल्याचा एसएफपी जास्त भारी, म्हणून तोच सगळीकडे बसवावा, असा एक समज आहे. तो महागात पडतो. ८० किलोमीटरचा एसएफपी दोन मीटरच्या पॅचकॉर्डवर लावला तर त्याचा जोरदार प्रकाश पलीकडच्या रिसीव्हरला झेपत नाही. लिंक चुका करते आणि तो रिसीव्हर कायमचा निकामीही होऊ शकतो. अशा ठिकाणी मध्ये अ‍ॅटेन्युएटर लावून प्रकाश कमी करावा लागतो. अंतर ओळखणं गरजेचं आहे ते यासाठी.

बायडायची जोडी, सीडब्ल्यूडीएमचे रंग

एकाच धाग्यावर दोन्ही दिशांनी बोलणारे एसएफपी म्हणजे बायडाय. केबलमधले मोकळे कोअर कमी असले की तेच कामी येतात. त्यांची ओळख मात्र नेहमी जोडीने करायची. एक १३१० वर पाठवतो आणि १४९० वर ऐकतो. दुसरा १४९० वर पाठवतो आणि १३१० वर ऐकतो. काही जोड्या १३१० आणि १५५० च्या असतात. पार्ट नंबरात बीएक्स असतं आणि पुढे यू किंवा डी. एकीकडे यू असेल तर दुसरीकडे डीच हवा. दोन्हीकडे यू बसवले तर दोघंही बोलत राहतात, ऐकत कुणीच नाही. बायडाय सुटा विकत घेताना पलीकडचा नंबर वाचल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

सीडब्ल्यूडीएमचे एसएफपी एकाच धाग्यावर अनेक तरंगलांबी चालवतात. १४७० पासून १६१० पर्यंत वीस-वीस नॅनोमीटरच्या अंतराने आठ तरंगलांबी नेहमी वापरात असतात आणि एसएफपीवर त्यांचे वेगवेगळे रंग असतात. इथे रंगापेक्षा मेमरीतला आकडा पाहावा आणि मक्सच्या (सगळ्या तरंगलांबी एका धाग्यात आणणाऱ्या पेटीच्या) पोर्टवर छापलेल्या आकड्याशी ताडून घ्यावा.

रंगांचीच आणखी एक गोष्ट. घरच्या ब्रॉडबँडची फायबर ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचं हिरवं टोक आठवेल. ते एपीसी कनेक्टर. त्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं. नेहमीच्या एसएफपीला निळं, सरळ घासलेलं यूपीसी टोक लागतं. हिरवं आणि निळं एकमेकांना जोडू नये.

प्रकाशाचे आकडे: ओळखीची शेवटची खूण

एसएफपी मोजमापं सांगणारा असेल तर पाच गोष्टी दिसतात: तापमान, व्होल्टेज, लेझरचा करंट, पाठवलेला प्रकाश आणि मिळालेला प्रकाश. शेवटचे दोन डीबीएममध्ये असतात. शून्य डीबीएम म्हणजे १ मिलिवॉट. दर ३ ने खाली आलं की प्रकाश निम्मा होतो आणि १० ने खाली आलं की एक दशांश. उणे ४० च्या आसपासचा आकडा म्हणजे प्रकाश येतच नाही असं समजा.

एक उदाहरण बारकाईने पाहू. १३१० चा, १० किलोमीटरचा एलएच. तो उणे ९.५ ते उणे ३ या मर्यादेत पाठवतो आणि उणे १९ पर्यंतचा मंद प्रकाश ऐकू शकतो. समजा पलीकडचा एसएफपी उणे ६ ने पाठवतो आहे आणि मधली केबल ८०० मीटरची आहे. १३१० वर सिंगल मोड फायबर दर किलोमीटरला साधारण ०.३५ डीबी खाते, म्हणजे इथे पाव डीबीच्या किंचित वर. दोन्हीकडच्या एलआययूमधल्या (फायबर जिथे येऊन संपते त्या पेटीतल्या) जोडांचे मिळून आणखी एक डीबी धरा. मग अलीकडे उणे साडेसातच्या आसपास प्रकाश यायला हवा. प्रत्यक्षात आकडा उणे २२ दिसला तर एसएफपीची काही चूक नाही. वाटेत १४-१५ डीबी कुठेतरी सांडत आहेत: टोकावर धूळ आहे, पॅचकॉर्ड दाराखाली चेपली आहे किंवा एखादा स्प्लाइस बिघडला आहे. अशा वेळी एसएफपी बदलत बसण्यापेक्षा क्लीनर पेन घेऊन टोकं पुसावीत. पुष्कळदा तेवढ्यावरच भागतं.

पाठवलेला प्रकाशच मर्यादेच्या बराच खाली गेला असेल आणि लेझरचा करंट वाढत चालला असेल, तर मात्र एसएफपी थकला आहे. तो बदला.

मेमरीही खोटं बोलू शकते

मेमरीतली माहिती लिहिता येते, म्हणजे नक्कलही करता येते. अनेक स्विच परक्या कंपनीचा एसएफपी ओळखून पोर्ट बंद ठेवतात. म्हणून बाजारातले कम्पॅटिबल एसएफपी त्या-त्या कंपनीला चालेल असा मजकूर लिहून विकले जातात. चांगल्या पुरवठादाराचे असे एसएफपी वर्षानुवर्षं नीट चालतात. त्यात वावगं काही नाही. पण अस्सल म्हणून पैसे मोजले असतील तर तपासून घ्यायला हवं. दोन एसएफपींचा सीरियल नंबर एकच असेल, लेबलवरचा नंबर आणि मेमरीतला नंबर जुळत नसेल किंवा १३१० लिहिलं असूनही १३१० च्या पॉवर मीटरवर प्रकाश दिसत नसेल, तर पुरवठादाराला त्याच दिवशी विचारा. म्हणूनच नवा माल आला की बसवण्याआधी लेबलचा फोटो काढावा आणि बसवल्याबरोबर मेमरीतला नंबर त्याच्याशी ताडावा. त्या क्षणी हे दोन मिनिटांचं काम आहे. वर्षभराने ते करायचं म्हटलं तर लिंक पाडावी लागते.

काढावाच लागला तर

एसएफपी चालू स्विचमधून काढता येतो, स्विच बंद करावा लागत नाही. तरी घाई नको. त्या पोर्टवर काय चालतं ते आधी पाहा आणि संबंधितांना कळवा. बदलण्यापूर्वीच्या कमांडचा निकाल जपून ठेवा. पोर्ट बंद करा. आधी पॅचकॉर्ड काढा, तिच्या टोकांना लगेच टोपी लावा. मग कडी पूर्ण खाली पाडून एसएफपी सरळ रेषेत बाहेर ओढा. अडला तर जोर लावू नका. बहुतेक वेळा कडी पुरती उघडलेली नसते. बाहेर आल्यावर त्याच्या तोंडातही टोपी हवी. पाठवायच्या आणि घ्यायच्या छिद्रांवर बाणाच्या खुणा असतात. परत जोडताना धागे उलटे झाले तर लिंक येणार नाही, म्हणून आधीच्या जोडणीचा फोटो असू द्या.

नोंदवही

ग्रंथालयाची लिंक त्या रात्री पावणेनऊला आली, परीक्षा वेळेवर झाली. दुसऱ्या दिवशी मी त्या महाविद्यालयाच्या प्रत्येक स्विचला तीच कमांड दिली आणि एक तक्ता केला. स्विच, पोर्ट, कुठून कुठे, पार्ट नंबर, सीरियल नंबर, वेग, तरंगलांबी, फायबर, पलीकडच्या टोकाचा एसएफपी आणि त्या दिवशीचा मिळालेला प्रकाश, असे दहा रकाने. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा ठरला. आज उणे ७ असणारी लिंक सहा महिन्यांनी उणे १२ दिसली की ती पडण्याआधीच सावरता येते. खणातल्या प्रत्येक सुट्या एसएफपीलाही चिकटपट्टीवर तरंगलांबी लिहून लावली, कारण छापील लेबल पुसलं जातं.

तक्त्याची एक प्रत रॅकच्या दाराच्या आत चिकटवली. पुढच्या वेळी लिंक पडेल तेव्हा तिथे मी असेन की दुसरं कुणी, सांगता येत नाही. पण जो कुणी येईल, त्याला शेजारचा एसएफपी उपसावा लागणार नाही.